काजळीची दोन घरं

"तुला मांजर देणार नाही," मोहिनीताई म्हणाल्या आणि पुन्हा वाडगे विसळायला लागल्या.

विधी जागची हलली नाही. जळगावात राहत्या घरातच तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोनदा ती धुळ्याच्या एका रुग्णालयात यायची. गुडघे धरून बसलेल्या माणसांना उभं करणं, चालायला लावणं, हे तिचं काम. 'नाही' हा शब्द ती दिवसभर ऐकायची आणि दिवसभर त्याला हरवायची. पण ते पेशंटचं 'नाही' असायचं, कण्हत म्हटलेलं. मोहिनीताईंचं तसं नव्हतं.

"ताई, पण तिला इथे आणलं कुणी? मीच ना?"

खरंच होतं. दिवाळीनंतर बोदवडच्या मामाकडून परत येताना नशिराबादजवळ चहाला गाडी थांबवली, तेव्हा ढाब्यामागे राखाडी-काळ्या रंगाची एक मांजर पाय चाटत बसलेली विधीला दिसली. पायावर गरम तेल सांडलेलं होतं. शेजारी एकच पिल्लू होतं. ते चालायला उठलं की डोलायचं, दोन पावलं टाकायचं आणि कुशीवर पडायचं. पडायचं आणि उठायचं. विधीने दोघींना ओढणीत गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला येताना सोबत आणलं, कारण मांजरांचा निवारा चालवणाऱ्या मोहिनीताईंचंच नाव तिला माहीत होतं.

मोहिनीताई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्यांनी गावाबाहेर बंद पडलेल्या तेलघाणीची शेड भाड्याने घेतली होती. तिथे भिंतीला फळ्या ठोकून मजले केलेले, खिडक्यांना जाळ्या, आणि जिकडे बघावं तिकडे मांजरं. माणसांशी त्या कडक शिस्तीच्या मराठीत बोलत आणि मांजरांशी अहिराणीत. "आठे ये व माय," म्हटलं की चार-पाच शेपट्या उभ्या राहत.

पायाची जखम भरली होती. विधी दर फेरीला येऊन त्या दोघींशी खेळून जायची. आता तिला त्या घरी न्यायच्या होत्या.

"तूच आणलीस," मोहिनीताई म्हणाल्या. "आणि तू चांगली मुलगी आहेस. पण घरी खायला काय घालशील?"

"दूध. पोळी. पनीर. वरणभात."

"जैन ना तुम्ही?"

"हो."

मोहिनीताईंनी हात पुसले आणि तिला कोपऱ्यातल्या फळीशी नेलं. तिथे एक सोनेरी बोका बसला होता. विधीने त्याच्यासमोर बोट हलवलं. त्याने मान वळवली ती बोटाच्या वासाकडे, बोटाकडे नाही.

"दिसत नाही त्याला. फार चांगल्या घरात वाढला हा. त्याच्यासाठी पोळीला तूप लावायचे, दुधात केशर घालायचे. माणसं वाईट नव्हती, विधी. पण मांजराला मांसातलं एक द्रव्य लागतंच, ते त्याच्या अंगात तयार होत नाही. ते मिळालं नाही की आधी डोळे जातात, मग हृदय. त्या घरातली बाई याला इथे ठेवताना इतकी रडली की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून मी ठरवलंय. ज्या घरात मांजराला तिचं अन्न मिळणार नाही, तिथे मांजर जाणार नाही. मग ते घर कितीही पुण्यवान असो."

विधीने वाद घातला नाही. जे खरं आहे त्याच्याशी वाद घालायची तिला सवय नव्हती. ती फक्त म्हणाली, "मी परत येईन. तोपर्यंत त्या दोघींना दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"ते मी बघेन," मोहिनीताई म्हणाल्या. पण त्या किंचित हसल्या, हे विधीला दिसलं.

घरी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला सगळे एकत्र बसत. वडील सोहनलाल यांचा दाणाबाजारात डाळींचा व्यापार, भाऊ अखिल त्यांच्याच हाताखाली. आई सज्जनबाई. घरात कुणाचा आवाज चढत नसे, पण आईचा शब्द शेवटचा असे.

विधीने जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, आंधळ्या बोक्यासकट.

सोहनलालजींना उलट आनंद झाला. "अरे, मग गोदामात ठेव ना! तुरीच्या पोत्यांत उंदरांनी उच्छाद मांडलाय. औषध टाकायचं नाही, सापळा लावायचा नाही. मांजर काय, आपोआप..."

"आपोआप काय?" सज्जनबाईंनी विचारलं.

सोहनलालजींनी भाजीत लक्ष घातलं.

"उंदीर मारायला जीव पाळायचा," सज्जनबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या हाताने मारण्यासारखंच झालं. हात तिचे, पाप आपलं."

"आणि मला ती गोदामासाठी नकोच आहे, पप्पा," विधी म्हणाली. "मला ती घरात हवीय."

"घरात मांस येणार नाही," सज्जनबाई म्हणाल्या. "डब्यात नाही, पाकिटात नाही. हा विषय संपला."

"घरात आणणार नाही, मम्मी. शब्द देते. पण विषय संपलेला नाही."

सज्जनबाईंनी मुलीकडे पाहिलं. रागाने नाही, आपलंच नाक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसावं तसं.

त्यांच्या घराला लागून कोकिळाताईंचं घर होतं. नवरा प्रेमराज एसटीत ड्रायव्हर, एकुलती मुलगी यावलला दिलेली. कोकिळाताई पारोळ्याकडच्या शेतकरी घरातल्या, बोलणं अहिराणीच. दोन्ही घरांच्या मागे एक अरुंद बोळ होता, त्यात दोन्हीकडचे कपडे वाळत. पंधरा वर्षांचा शेजार. कोकिळाताईंच्या शेतातली मेथी सज्जनबाईंकडे जायची, सज्जनबाईंचे मूगपापड कोकिळाताईंकडे. रविवारी कोकिळाताईंच्या घरातून मासळीचा वास आला की सज्जनबाई मागची खिडकी लावून घेत. त्यावरून कधी कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. पण सज्जनबाईंनी त्या घराचा उंबराही कधी ओलांडला नव्हता.

विधी दुसऱ्याच दिवशी तिथे गेली. कोकिळाताई ओट्यावर वांगी भाजत होत्या.

"काकू, माझं एक काम आहे. दोन मांजरी आणायच्यात. राहतील आमच्याकडे, खातील तुमच्याकडे."

कोकिळाताई खळखळून हसल्या. "बठ्ठी गल्ली हाशी, पोरी."

"हसू दे. त्यांचं खाणं मी आणून देईन. तुम्ही फक्त घालायचं."

कोकिळाताईंचं हसू थांबलं. त्यांनी वांगं परतवलं, बोटं झटकली आणि म्हणाल्या, "मंग नही जमाव."

"का?"

"माले नुसती रांधणारी करू नको. तुमच्या घरात चालत नही ते काम कोकिळानी करावं, आनि मांजर तुमची? असं नही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ठामपणा होता. "मांजर तुमनी तशी मनी बी राही. नाव मी ठेवसू. दुपारी ती मनाकडे झोपी. दुखनं-खुपनं दोन्हींनी पाहावं. असं व्हई तर हां, नही तर तू आनि तुनी मांजर."

विधीला आधी थोडं लागलं. मग तिला वाटलं, बरोबर बोलल्या. आपण त्यांच्याकडे मांजर घेऊन आलो नव्हतो, नको असलेलं काम घेऊन आलो होतो.

"काकू, चुकलं माझं. मांजरी दोघींच्या."

"मंग कव्हय जानं शे धुयाले?"

पुढच्या फेरीला दोघी एसटीने धुळ्याला गेल्या. कोकिळाताई शेडमध्ये शिरल्या आणि थेट जमिनीवर मांडी घालून बसल्या. राखाडी मांजर लांबून बघत राहिली, मग आली आणि त्यांच्या पदरावर पाय देऊन उभी राहिली. "काजळी," कोकिळाताई म्हणाल्या. "चुलीवरच्या भांड्याच्या बुडाचा रंग शे इना." पिल्लू डोलत डोलत मागून आलं आणि त्यांच्या गुडघ्यावर आपटलं. त्याचं नाव तिथेच डुलकी पडलं.

"डुलकीचं मी बघेन," विधी म्हणाली. "तिला रोज व्यायाम देईन. चालायला शिकवेन."

"ती चालते," मोहिनीताई म्हणाल्या. "तिच्या पद्धतीने चालते. जन्मापासूनच तोल कमी आहे, तो येणार नाही. तिला शिकवू नकोस, तिच्यासाठी जागा मऊ कर. आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं तिला. डोलण्यात फार ताकद जाते." मग त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "पण एक सांगते. दोन घरांची मांजर ही बहुतेक वेळा एकाही घराची नसते. हिला वाटतं तिने घातलं, तिला वाटतं हिने घातलं. मी येऊन घरं बघेन. दोन्ही."

येत्या रविवारीच मोहिनीताई आल्या. कोकिळाताईंचं घर त्यांनी पाच मिनिटांत पास केलं. विधीच्या घरचा जिना, गच्ची, दवाखाना पाहिला. मागच्या बोळात येऊन दोन्ही टोकांना उघडा रस्ता पाहिला आणि मान हलवली. "इथून मोटरसायकली जातात. डुलकी एका दिवसात चिरडली जाईल."

मग त्या वळून सज्जनबाईंना म्हणाल्या, "आणि तुम्ही? खरं सांगा. लाजेखातर हो म्हणू नका. मला मांजर परत आलेली नको असते."

सज्जनबाई मागच्या दारात उभ्या होत्या.

"मला एक सांगा. ती उंदीर मारेल का?"

आता मोहिनीताई जरा सांभाळून बोलल्या तर बरं, असं विधीला वाटलं.

"मारेल," मोहिनीताई म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं तरी मारेल. ती मांजर आहे."

"बरं झालं, खोटं बोलला नाहीत," सज्जनबाई म्हणाल्या. "माझं व्रत माझं आहे. ते मी घेतलंय, मला कळतं म्हणून घेतलंय. मांजरीने काही घेतलेलं नाही. तिच्यावर ते लादून तिचे डोळे घालवायचे, ही तर हिंसाच झाली. पण माझ्या घराच्या छताखाली उंदराचा जीव गेला तर तेही मला चालणार नाही."

"मग?"

"मग उंदीर आत येऊच नये. आणि मांजर बाहेर जाऊ नये. बोळाच्या दोन्ही टोकांना दारं बसवा, वर जाळी टाका. घराची मोरी, खिडक्या, जिन्याखालचं भोक, सगळं बुजवा. दोन्ही घरांचं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि गोदामाचंही बुजवा. पंधरा वर्षं उंदरांच्या नावाने ओरडताय, एक भोक बुजवलं नाहीत."

सोहनलालजी मोहिनीताईंकडे पाहून कसनुसे हसले. गवंडी दुसऱ्या दिवशी आला.

महिनाभराच्या बोलीवर काजळी आणि डुलकी जळगावात आल्या. बोळ आता जाळीखालचं अंगण झालं होतं. विधीने जुन्या व्यायामाच्या गाद्या कापून जिन्याच्या पायऱ्यांवर अंथरल्या. काजळी सकाळी कोकिळाताईंच्या स्वयंपाकघरात उकडलेली मासळी खायची, तोंड पुसायची आणि विधीच्या दवाखान्यात येऊन पेशंटच्या खुर्चीवर बसायची. खांदा धरलेले एक आजोबा तर डुलकीला पाहून म्हणाले, "ही पडते आणि रडत नाही. मग मी कशाला रडू?" आणि हात वर केला. सज्जनबाई दोघींना हात लावत नसत, पण सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला बसल्या की काजळी त्यांच्या आसनापासून अंतर ठेवून बसते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

महिना संपत आला आणि यावलहून फोन आला. कोकिळाताईंची मुलगी बाळंत झाली होती, दिवसांच्या आधीच. कोकिळाताई नेसत्या लुगड्याने निघाल्या. जाताना घराची किल्ली विधीच्या हातात दिली. "डबा खालच्या फळीवर शे. उपाशी ठेवू नको व माय."

विधीने आयुष्यात पहिल्यांदा तसला डबा उघडला. मांजरांचं सुकं खाद्य, पण वास मासळीचाच. तिने खिडकी उघडली, चमचा भरला, वाडग्यात ओतला, हात साबणाने धुतले. दोन दिवसांत तिला त्याचं काही वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी धुळ्याची फेरी होती. सकाळी मांजरींना घालून ती गेली. दुपारी परतताना पारोळ्याजवळ टँकर उलटला आणि दोन्ही बाजूंनी रस्ता बंद झाला. एसटी जागेवर उभी. प्रेमराज ड्युटीवर पुण्याकडे गेलेले. सोहनलालजी आणि अखिल मालासाठी इंदूरला. घरात सज्जनबाई एकट्या.

विधीने फोन केला. "मम्मी, त्या कशा आहेत?"

"ओरडतायत. तुझ्या डुलकीने सकाळीच वाडगा लाथाडला. सगळं मोरीत गेलं, मोठीचंही आणि तिचंही. दूध घातलं. मोठीने तोंड लावलं नाही. धाकटी प्याली आणि ओकली. आता आडवी पडलीय. उठत नाहीये."

"मम्मी, कुणाला तरी बोलव ना. समोरच्या..."

"समोर कुलूप आहे. सगळे लग्नाला गेलेत." फोनवर मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग सज्जनबाई म्हणाल्या, "डबा कुठल्या फळीवर आहे?"

"मम्मी, तू राहू दे. मी कसंही करून..."

"टँकर तू उचलणार आहेस का? किल्ली तुझ्या टेबलावर दिसतेय, फळी सांग."

फोन ठेवून सज्जनबाईंनी आधी यावलला फोन लावला. "कोकिळा, तू घरी नाहीस. मी तुझ्या घरात जातेय. तुला विचारल्याशिवाय नको."

पलीकडून कोकिळाताई म्हणाल्या, "जा ना भाभी. घर तुमचंच शे. कव्हयपासून म्हनी राहिनू."

हे सगळं विधीला नंतर कळलं. रस्ता मोकळा होऊन ती घरी पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ती धावतच मागे गेली. बोळात सज्जनबाई पाटावर बसल्या होत्या. न्हायलेल्या, केस ओले. काजळी अंग चाटत होती. डुलकी सज्जनबाईंच्या पायापाशी उभी होती, म्हणजे डोलत होती, आणि वाडग्याच्या काठाला चाटून तो चकचकीत करत होती.

"थोडं पाण्यात भिजवून दिलं," सज्जनबाई म्हणाल्या. "कोकिळाने सांगितलं. आधी एक-एक दाणा, मग जरा जास्त. आता वाडगा जड पितळेचा घेऊन ये, हा लोळतो."

"मम्मी..."

"रडू नकोस. मेलेली नाहीये ती."

विधी खाली बसली. "तू हात लावलास?"

"चमच्याने घातलं. पण घातलं तर मीच. त्याला दुसरं नाव देऊ नये." त्यांनी ओल्या केसांना गाठ मारली. "उद्या आयंबिल करेन. बिनमिठाचं, बिनतेलाचं, एकदाच. महाराजसाहेब आले की त्यांना सांगेन. ते जे प्रायश्चित्त देतील ते घेईन."

"माझ्यामुळे तुला..."

"तुझ्यामुळे नाही. मी ठरवून केलं. उपास मला करता येतो विधी, तिला येत नाही." त्या उठल्या. "आणि ते घर काय स्वच्छ ठेवते गं कोकिळा. माझ्यापेक्षा."

कोकिळाताई आठवड्याने परत आल्या, नातीचे फोटो दाखवत. सज्जनबाईंनी ते फोटो बघितले ते कोकिळाताईंच्या ओट्यावर बसून. चहा घेतला नाही, पाणीही नाही. पण बसल्या बराच वेळ.

महिन्याची बोली संपली तेव्हा मोहिनीताई आल्या. त्यांनी काजळीचे दात पाहिले, डोळ्यांवर उजेड टाकला, डुलकीला वजनाच्या काट्यावर धरून ठेवलं. विधीने त्या दिवसाचं सगळं सांगितलं, वाडगा सांडल्याचंही. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही.

"म्हणजे तीन बाया," मोहिनीताई म्हणाल्या. "मी दोनच धरल्या होत्या." काजळी आणि डुलकी त्यांनी कायमच्या दिल्या. नावं लिहिताना विधी आणि कोकिळा एवढीच लिहिली, कारण सज्जनबाईंनी हात जोडून 'माझं नको' असं स्वच्छ सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी धुळ्याहून मोहिनीताईंचा फोन आला. एका मारवाडी घरातल्या सासू-सून निवाऱ्यात आल्या होत्या. सुनेला दोन पिल्लं हवी होती, सासू 'घरात मांस नको' म्हणत दारातच उभी होती आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

"तुझा नंबर देऊ का त्यांना?"

"माझा नको," विधी म्हणाली. "फोन सासूबाईंना द्या, मम्मी बोलेल."

सज्जनबाई भेंडी चिरत होत्या. त्यांनी हात पुसले, फोन कानाला लावला आणि पलीकडच्या सासूचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक आहे, बहनजी," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा, तुमच्या शेजारी कोण राहतं?"